ब्लू मून आणि आमचा तेरावा महिना

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे काय, असं दहावीच्या कुठल्याही लेकराला विचारा. 'क्वचितच' हे उत्तर तोंडावर तयार असतं. गाइडात तेच, क्लासच्या नोट्समध्ये तेच, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नसंचात चारपैकी बरोबर पर्यायही तोच. मार्क मिळतो, विषय संपतो. पण चंद्र निळा कशाला, आणि निळा झाला तरी त्याचा 'क्वचित'शी संबंध काय, एवढं विचारलं की अख्खा वर्ग गप्प. मी मराठवाड्यातल्या एका गावात इंग्रजी शिकवते आणि लेकरांचं हे गप्प होणं मला लागतं. कारण ब्लू मून आज ज्या हिशोबाला म्हणतात, तो हिशोब या लेकरांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. त्यांच्या आजीला तो तोंडपाठ आहे.

येत्या 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, तो 15 जूनपर्यंत. म्हणजे धोंड्याचा महिना. लेकी-जावयांना निरोप गेलेत. कणकेच्या पारीत पुरण भरून धोंडे वळायचे, कुणी ते उकडतं, कुणी तळतं, वाढताना वर तूप सोडायचं. ताम्हणात तेहतीस अनारसे, नाही जमले तर बत्तासे, वर दिवा लावायचा आणि ते वाण जावयाच्या हातात द्यायचं. माजलगाव तालुक्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला महिनाभर रीघ लागेल. तेहतीसच का, असं आजीला विचारा. 'दर तेहतीस महिन्यांनी येतो म्हणून,' असं ती सांगेल. पंचांगाच्या हिशोबाने अधिकमास सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. आजीचा आकडा अर्ध्या महिन्याने इकडेतिकडे, एवढंच.

आता इंग्रजी कॅलेंडरचं मे 2026 चं पान काढा. 1 मेला पौर्णिमा होती, बुद्धपौर्णिमा. दुसरी पौर्णिमा 31 मेला. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला आज जगभर ब्लू मून म्हणतात. म्हणजे 31 मेच्या रात्री जो चंद्र इंग्रजीत ब्लू मून असेल, तोच आपल्याकडं अधिक ज्येष्ठातल्या पौर्णिमेचा चंद्र असेल.

हा योगायोग नाही, आणि हेच मला लेकरांना शिकवायचं असतं. फळ्यावर दोनच आकडे लिहावे लागतात, 365 आणि 354. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत 29.53 दिवस. अशी बारा चक्रं झाली की 354 दिवस. सूर्याचं वर्ष 365 चं. चंद्र दर वर्षी अकरा दिवसांनी मागं राहतो. तीन वर्षं होत आली की या अकरा-अकरा दिवसांचा एक महिना साठतो. आपण तो अधिक म्हणून पंचांगात घालतो आणि सणवार पुन्हा ऋतूवर आणतो. इंग्रजी कॅलेंडरला चंद्राशी देणंघेणं नाही, त्यामुळं तिथं ही जास्तीची पौर्णिमा कुठल्यातरी महिन्यात दुसरी म्हणून घुसते. 19 वर्षांत इंग्रजी महिने 228 आणि पौर्णिमा 235. सात जास्त. आणि 19 वर्षांत अधिकमास किती? तेही सातच.

तारखा लावून बघितल्या की वर्गात खरी मजा येते. 2012 ला अधिक भाद्रपद होता, ब्लू मून 31 ऑगस्टला. 2015 ला अधिक आषाढ, ब्लू मून 31 जुलैला, नेमका गुरुपौर्णिमेचा. 2020 ला अधिक आश्विन, ब्लू मून 31 ऑक्टोबरला. 2023 ला अधिक श्रावण, ब्लू मून 30 ऑगस्टच्या रात्री, राखीपौर्णिमेला. 2018 ला मात्र जोडी जमली नाही. त्या वर्षी जानेवारीत एक आणि मार्चमध्ये एक असे दोन ब्लू मून झाले, मधल्या फेब्रुवारीत पौर्णिमाच नव्हती, आणि आपला अधिक ज्येष्ठ आला मे-जूनमध्ये. ही अडचण पण चांगली आहे, कारण ती हुशार लेकरू बरोबर पकडतं आणि मग पुढचं सांगता येतं. आपला अधिक ठरतो संक्रांतीवर. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. इंग्रजी महिन्याच्या 1 आणि 31 तारखेला असला काही आधार नाही. जास्तीची पौर्णिमा दोन्हीकडं तेवढीच, पण ती कुठं मोजली जाते हे वेगळं.

थोडं त्या निळ्या रंगाविषयी, कारण 31 मे जवळ आला की व्हॉट्सअपवर 'आज चंद्र निळा दिसणार' सुरू होईल, सोबत संगणकावर निळा केलेला फोटो. चंद्र त्या रात्री नेहमीसारखाच दिसेल. खरोखर निळा चंद्र लोकांनी पाहिलाय, पण त्याचं कारण पौर्णिमा नव्हे, धूर आणि राख. 1883 ला इंडोनेशियात क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा वर उडालेल्या राखेमुळं दूरदूरच्या देशांत चंद्र निळसर दिसला. सप्टेंबर 1950 ला कॅनडातल्या जंगलांच्या आगीचा धूर समुद्र ओलांडून स्कॉटलंड-इंग्लंडवर गेला, तेव्हाही तेच झालं. हवेतले कण साधारण एका मायक्रॉनचे आणि जवळपास एकसारख्या आकाराचे असले की लाल प्रकाश जास्त विखुरतो आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो. असा मेळ फार थोड्या वेळा बसतो.

मग हा वाक्प्रचार आला कुठून? इथं गाइडवाल्यांसारखंच बातम्यावालेही घोटाळा करतात. दोन पौर्णिमांवरून 'वन्स इन अ ब्लू मून' आला असं ते ठोकून देतात. प्रत्यक्षात उलटं आहे. निळा चंद्र इंग्रजीत पाचशे वर्षांचा आहे आणि दोन पौर्णिमांचा अर्थ शंभर वर्षांचाही नाही. 1528 मधल्या एका इंग्रजी पद्यात पाद्र्यांवर टीका करताना म्हटलंय की त्यांनी चंद्र निळा आहे म्हटलं तर आपण ते खरं मानायचं. आपण 'म्हणेल ती पूर्व दिशा' म्हणतो ना, तंतोतंत तो भाव. निळा चंद्र म्हणजे धडधडीत अशक्य गोष्ट. पुढं अशक्यवरून 'कधीच नाही', आणि कधीच नाहीवरून सैल होत होत 'फार दिवसांनी, क्वचित'. 1821 च्या लंडनच्या बोलीत 'कित्येक दिवसांत दिसला नाहीस' या अर्थाने तो छापलेला सापडतो.

जास्तीच्या पौर्णिमेला हे नाव चिकटलं ते अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतकऱ्यांच्या पंचांगातून. तिथं नियम वेगळा होता. एका ऋतूत एरवी तीन पौर्णिमा येतात. चार आल्या तर त्यांतली तिसरी ती ब्लू मून. त्या पंचांगाच्या 1937 च्या अंकात असंही लिहिलंय की तेराव्या पौर्णिमेमुळं मठातल्या पाद्र्यांची चर्चच्या सणांची मांडणी विस्कटायची आणि तेराचा आकडा त्यामुळंच अशुभ ठरला. हे वाचून मला आपला मलमास आठवला. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. जास्तीचा चंद्र आला की सण लावणाऱ्यांची अडचण जगात सगळीकडं सारखीच. पुढं मार्च 1946 मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' या खगोलाच्या मासिकात जेम्स ह्यू प्रुएट यांनी त्या पंचांगाचा अर्थ लावताना 'महिन्यातली दुसरी पौर्णिमा' असं लिहिलं. अर्थ चुकीचा लागला होता, पण समजायला सोपा होता. 1980 नंतर रेडिओवरून आणि प्रश्नोत्तरांच्या बैठ्या खेळांमधून तो जगभर गेला. 1999 मध्ये त्याच मासिकाने ही चूक शोधून स्वतः छापली. तोवर नवा अर्थ रुजला होता.

म्हणून 19 ऑगस्ट 2024 ला, राखीच्या दिवशी, 'आज ब्लू मून' अशा बातम्या आल्या तेव्हा बऱ्याच जणांचा गोंधळ झाला. त्या ऑगस्टमध्ये पौर्णिमा एकच होती! बातमी खोटी नव्हती, ती जुन्या पंचांगाच्या नियमाची होती. बातमीत हे एक वाक्य टाकायला काय हरकत होती, हे मला अजून कळत नाही.

आता वापराचं. यात आमची लेकरं नेहमी त्याच ठिकाणी अडखळतात आणि दोष त्यांचा नाही. 'क्वचित' एवढाच अर्थ दिला की कुठल्याही दुर्मिळ गोष्टीला हा वाक्प्रचार लावावासा वाटणारच. एका वहीत वाक्य आलं, 'चांद्रयान-3 लँडेड ऑन द मून वन्स इन अ ब्लू मून.' चंद्राचा विषय म्हणून लेकराने हौसेनं लिहिलेलं. पण हा वाक्प्रचार घडून गेलेल्या एकाच घटनेसाठी नाही. जी गोष्ट होत राहते, पण मध्ये फार दिवस जातात, तिच्यासाठी आहे. शहरातला भाऊ गावी येतो, पण कधीतरीच. बाप हॉटेलात जेवतो, पण कधीतरीच. 'ही व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून.' यात बहुतेक वेळा थोडी तक्रार असते, थोडं लाडाचं रुसणं असतं. आपल्याकडं आजी म्हणते तसं, 'सठीसामासी तोंड दाखवतोस.' सठीसामासी सांगितलं की वर्गाला एका क्षणात कळतं. मग वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

आणि चांद्रयानासारख्या गोष्टीला? तिथं इंग्रजीत 'वन्स इन अ लाइफटाइम' बसेल आणि आपल्याकडं कपिलाषष्ठीचा योग. भाद्रपद वद्य षष्ठी, तिला मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात, असं सगळं एकत्र यायला लागतं. आयुष्यात एकदा-दोनदा यायचा तो. सठीसामासी आणि कपिलाषष्ठी यांत जो फरक आहे तोच या दोन इंग्रजी वाक्प्रचारांत आहे. एकाही गाइडात मला हा फरक लिहिलेला दिसलेला नाही.

बाकी बारीकसारीक. तो बोलण्यातला आहे, अर्जात किंवा अहवालात लिहू नये. 'अ ब्लू मून'च म्हणायचं, 'द' लावायचा नाही, 'ट्वाइस' करायचं नाही. बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. झालं.

एक वाक्य मात्र मी वहीतून खोडत नाही, त्यावर बोलते. 'इट रेन्स इन अवर व्हिलेज वन्स इन अ ब्लू मून.' व्याकरण बरोबर. मराठवाड्यात बसून लेकराला हे सुचणं तर अगदीच साहजिक. पण इंग्रजी माणूस हे ऐकून हसेल, कारण त्याच्या कानाला यात हलकेपणा आहे, हॉटेलात जाण्याइतका. पाऊस न पडण्याचं दुःख या शब्दांत मावत नाही. त्याच्यासाठी आपल्याकडं याच जास्तीच्या चंद्राची म्हण आहे. दुष्काळात तेरावा महिना.

इंग्रजीत जो तेरावा चंद्र गमतीचा झाला, तो आपल्याकडं अंगावर आला. आणि आपल्या भागाने तो अंगावर घेतलाय. 2012 च्या अधिकमासाच्या वर्षी जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. 2015 ला अधिक आषाढ कोरडा गेला आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणायची वेळ आली. 2018 ला अधिक ज्येष्ठ होता, त्या ऑक्टोबरात राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. 2023 ला अधिक श्रावण, आणि तो ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत मराठवाड्यातले बरेच. राखीच्या रात्री तो ब्लू मून बघायला आम्ही गच्चीवर गेलो होतो. चांदणं इतकं लख्ख होतं की पलीकडच्या रानातलं माना टाकलेलं सोयाबीन दिसत होतं.

एवढं सगळं एकापाठोपाठ मांडलं की कुणीतरी म्हणणारच, 'बघा, अधिक आला की दुष्काळ येतो.' नाही येत. 2020 ला अधिक आश्विन होता आणि तो संपता संपता ऑक्टोबरात अतिवृष्टीने सोयाबीन शेतात कुजलं. 2014 ला अधिक नव्हता, तरी पाऊस नव्हता. सूर्य-चंद्राच्या हिशोबाचा मान्सूनशी संबंध नाही, हे लेकरांना ठणकावून सांगावं लागतं. म्हणही तसं म्हणत नाही. ती एवढंच म्हणते की आधीच दुष्काळ, त्यात एक महिना वाढला.

पण खरंच वाढतो का? माझं डोकं खरं अडतं ते इथं. पेरणी नक्षत्रावर होते. मृग निघतो 7-8 जूनला, अधिक असो नसो. नक्षत्रं सूर्याची, ती अधिकमासामुळं एक दिवसही पुढं जात नाहीत. म्हणजे नव्या पिकाची वाट बघायचे दिवस तेवढेच. मग तेरावा महिना जास्तीचा पडतो कुणाला? ज्याचं वर्ष चंद्रावर ठरलंय त्याला.

आमच्याकडं असा माणूस अजून आहे. सालगडी. त्याचं साल पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. पैसे महिन्यावर नाहीत, सालावर ठरतात, त्यातली उचल आधीच घेतलेली असते. गेल्या वर्षीचा पाडवा 30 मार्चला होता, यंदाचा 19 मार्चला. ते साल 354 दिवसांचं झालं. यंदा 19 मार्चला जो सालावर राहिला त्याचं साल 7 एप्रिल 2027 ला संपेल. 384 दिवस. तीसच्या तीस दिवस जास्त. कुणी म्हणेल, तीन वर्षांत ते फिटतं. एकाच मालकाकडं तीन वर्षं काढली तर फिटतं, खरंय. पण साल एकेका पाडव्याला ठरतं, आणि नेमक्या याच पाडव्याला ज्याने उचल घेतली त्याला बारा महिन्यांच्या पैशात तेरा महिने राबायचंय. काही शेतकरी वरच्या महिन्याचं वेगळं धरतात, धान्य वाढवून देतात. काही धरत नाहीत. शाळेजवळ राहणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, उभी हयात सालावर काढलेली. त्यांना मी हे विचारलं तर ते इतकंच म्हणाले, 'बाई, तेरावा महिना मालकाचा.'

माझ्या वर्गात सालगड्यांची लेकरं आहेत. त्यांच्यासमोर मी 'ब्लू मून म्हणजे क्वचितच, पुढचा घ्या' असं म्हणून पुढं जाऊ शकत नाही. मला वाटतं कुणीच जाऊ नये. लोक म्हणतात मराठवाड्यातली लेकरं इंग्रजीत कच्ची. मी म्हणते, त्यांच्यासमोर इंग्रजी वाक्प्रचार नुसते याद्या करून टाकले जातात, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं दोन मराठी शब्द, एका पानावर चाळीस. असं शिकलं तर लंडनचं लेकरूही कच्चंच राहील. एका तासाला एकच वाक्प्रचार घ्या. त्याच्यासोबत गणित येऊ द्या, पंचांग येऊ द्या, आजी येऊ द्या, शेतातला हिशोब येऊ द्या. चाळीसचे चार झाले तरी चालतील, चार तरी वापरता येतील. अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही अडचण मला माहीत आहे, ती रोजची आहे. पण प्रश्नसंचातला पर्याय ओळखता येणारं आणि त्या शब्दांत एक धड वाक्य बोलता न येणारं लेकरू तयार करून आपण अभ्यासक्रम तरी कुठला पुरा करतोय?

शिक्षक मित्रांनो, शाळा उन्हाळी सुट्टीनंतर उघडतील तेव्हा अधिक ज्येष्ठ संपलेला असेल किंवा संपत आलेला असेल, धोंड्याची जेवणं लेकरांच्या आठवणीत ताजी असतील. हा पाठ घ्यायला यापेक्षा चांगली वेळ पुन्हा अडीच-तीन वर्षं येणार नाही. 2012 पासूनच्या तारखा वर दिल्यात, जशाच्या तशा फळ्यावर घ्या.

आणि सगळ्यांनाच एक विचारायचंय, कारण यावर लिहिलेलं मला कुठं सापडत नाही. तुमच्या गावात सालगड्याच्या तेराव्या महिन्याचं काय करतात? पैसे वाढवतात, धान्य देतात, सुट्टी देतात, की काहीच नाही? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तालुका आणि जिल्हा टाकून खाली लिहा. कुणाचं नाव नको, फक्त रीत काय होती आणि आता काय आहे, एवढं.